चुन्याचा पट्टा

"तिथंच थांब," अप्पा आतून ओरडले. मान वर केली तेव्हा दारात लेक दिसली. दोन वर्षांनी आली होती.

उंबरठ्याबाहेर चुन्याचा रुंद पट्टा होता. आत रॅकवर रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला कराकरा खात होत्या. चार दिवसांत कोष विणायला लागणार होत्या. रोग माणसाच्या पायांनी आत येतो, असं अप्पा तीस वर्षं सांगत आले होते. लोक त्यांना चुनेवाले अप्पा म्हणत. ही पोर लहानपणी बिलगायला धावत यायची, तेव्हाही ते म्हणायचे, "लांब. आधी हात धुतो." हात धुऊन होईतो ती खेळायला पळालेली असे.

"आमच्या अळ्या मरतायत, अप्पा," ती म्हणाली. "फुगतात, पिवळ्या पडतात, अंगातून दुधासारखं पाणी येतं. निम्म्या संपल्या."

तू एवढी वाळलीस का, हे अप्पांना विचारायचं होतं. त्यांनी विचारलं, "मेलेल्या कशानं उचलतेस?"

"हातानं."

"तिथंच घोडं पेंड खातंय. चिमटा घे. ब्लीचिंगच्या पाण्यात टाकायच्या, मग लांब पुरायच्या. ओला पाला घालू नकोस, गर्दी कमी कर. आणि आजारी अळी वाचवायच्या भरीस पडू नकोस, वाचत नाही ती."

"सासूबाई म्हणतात, ही तुझी माहेरची थेरं."

अप्पा हसले आणि हसता हसता त्यांना भरून आलं. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"निघते. शेजाऱ्यांचा टेम्पो आहे, ते थांबायचे नाहीत."

अप्पांनी हातातला पाला खाली ठेवला. गेलं पीक तर गेलं, असं तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं. हात पुढे करून ते उंबरठ्याकडे निघाले.

"लांब, अप्पा." लेक एक पाऊल मागे सरली. "सकाळी मेलेल्या वेचल्या, तशीच टेम्पोत बसून आलेय. तुमच्या अळ्यांना लागेल."

"अगं, लागू दे."

"पुढच्या वेळी आंघोळ करून येते," ती म्हणाली, आणि डोळे पुसत गेली.

दुपारी अप्पांनी रोजच्यासारखा जुना चुना झाडायला घेतला. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेवर दोन पावलं उमटली होती. केरसुणी तिथं येऊन थांबली. मग तेवढी कड सोडून त्यांनी बाकीचं झाडलं, आणि नवा पट्टा वीतभर आत ओढला.