कमळच्या नावाची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. माझ्या अंगावर एके काळी तांबडे-निळे पट्टे होते. आता दोन्ही रंग मातकट झाले आहेत. शहापूरच्या एका शाळेत, खडूच्या खोक्यांमागे, मला गुंडाळून उभं करून ठेवलं आहे. उंदरांनी एक कोपरा कुरतडला आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या कोपऱ्याबद्दल नाही.

माझा जन्म तुरुंगात झाला. घाबरू नका, मी काही गुन्हा केला नव्हता. केला असेल तर मला विणणाऱ्या कैद्याने. तो कुणाशी बोलत नसे, नुसते धागे ठोकून ठोकून घट्ट करी. म्हणून तर मी इतकी वर्षं टिकले.

मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या वेणूबाईंनी मला विकत घेतलं. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी मला अंथरत आणि तीन मैत्रिणी भजनाला बसत. वेणूबाई, दवाखान्यातली सुईण हिराबाई, आणि राही. राही मुरबाडकडच्या शेतकरी घरातली, लग्न होऊन शहापुरात आलेली. गळा सगळ्यांत गोड तिचाच. पण तिला एक खोड होती. पहिली ओळ म्हणून झाली की ती थांबायची आणि मान किंचित मागे वळवायची, जणू दुसरी ओळ मागून कुणी तरी उचलणार आहे. मागे नुसती भिंत. कुणीच गात नसे. मग ती स्वतःच पुढची ओळ म्हणे. मला त्या थांबण्याची भीती वाटायची.

१९५७ सालच्या थंडीत दादरला दोन दिवसांचा संगीत महोत्सव होता. वेणूबाईंचा भाऊ तिथे राहत असे. तिघींनी जायचं ठरवलं. राहीचा नवरा रामू म्हणाला, "मास्तरीणबाई हायेत ना संगती? मग जा." शनिवारी सकाळी भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून आम्ही निघालो. मी हिराबाईच्या काखेत होते.

शनिवारचं गाणं छान झालं. रविवारी सकाळची बैठक होती. मांडवात अगदी मागे मला अंथरलं. व्यासपीठावर एक नामांकित गायिका बसली होती आणि तिच्या मागे तंबोरा घेतलेली एक किडकिडीत बाई. गायिका श्वास घ्यायला थांबली आणि मागच्या बाईने ती ओळ हलकेच उचलली.

राहीची बोटं माझ्या धाग्यांत रुतली. अजूनही तिथे माझी वीण उसवलेली आहे.

"ती कमळी हाय," राही म्हणाली. "माजी बहीण."

"अगं, तुझी बहीण तर पटकीनं गेली ना?" वेणूबाईंनी विचारलं.

"नाय गेली. म्हसाच्या जत्रंत नाटक कंपनी आली व्हती, तिच्यासंगती गेली गाणं शिकाया. सतरा वर्सांची व्हती. बाबानं तिच्या नावानं आंघोळ केली. आमालाबी कराया लावली. तवापासून घरात नाव घ्यायचं नाय."

मित्रांनो, घरात कुणी मेलं की माणसं आंघोळ करतात. जिवंत माणसाच्या नावाने आंघोळ केली, की ते माणूस त्या घराला मेलं. अठरा वर्षं राहीच्या पाठीमागे कोण गात नव्हतं, ते मला त्या सकाळी कळलं.

बैठक संपली. राहीने माझी घडी करून मला खांद्यावर टाकलं आणि ती सरळ व्यासपीठामागे गेली. ती बाई तंबोऱ्याला खोळ घालत होती.

"कमळी."

तिने वळून पाहिलं. "राही? केवढी झालीस."

"चल ना गो घरी. बाबा गेला दोन वर्सांमागं. आई हाय, पन तिला दिसत नाय."

कमळने खोळीची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "त्या घरानं माझ्या नावानं पाणी घेतलं, राही. आईनंही घेतलं असेल. मेलेलं माणूस दारात उभं राहिलं तर घर भितं. नको बोलावूस मला."

वेणूबाईंनी तिचा पत्ता तेवढा लिहून घेतला.

पुढच्या आठवड्यात राही मुरबाडला आईकडे जाऊन आली. तिथे काय झालं ते तिने गुरुवारी माझ्यावर बसूनच सांगितलं. कमळचं बोलणं ऐकून तिची म्हातारी आई बाईजा म्हणाली, "आंघोळ तुज्या बापानं केली. मी न्हाणीत गेले आन तांब्यावर तांब्या दगडावर वतला. अंगावर थेंब घेतला नाय. त्याला पान्याचा आवाज ऐकू गेला, बास झालं."

वेणूबाईंनी तेच वाक्य पत्रात लिहिलं. दुसरं काहीच नाही.

दोन महिने उत्तर आलं नाही. मग होळीच्या सुमारास एका दुपारी कमळ एसटीने शहापूरला आली. माहेरच्या गावी जायला ती धजत नव्हती, म्हणून रामूनेच बैलगाडी जुंपून बाईजाला वेणूबाईंच्या घरी आणलं. दोघींना माझ्यावर समोरासमोर बसवलं.

"आई, मी कमळ आहे."

बाईजाने मान हलवली. "आमच्यात कोनी 'आहे' म्हनत नाय."

कमळने तिचे हात घेऊन आपल्या तोंडावरून फिरवले. म्हातारीची बोटं गालाच्या खळग्यात थांबली, कानामागच्या रखरखीत केसांवर गेली. तिने हात काढून घेतले.

"माजी पोर सतरा वर्सांची हाय," ती म्हणाली. "ही कोन बाई आनली तुमी?"

राही रडू लागली. हिराबाईने तिला धरलं. कमळने डोळे मिटले आणि लहानपणी भात लावताना म्हणायचं गाणं धरलं. बाईजा मान खाली घालून ऐकत राहिली. गाणं संपलं तेव्हा तिचे दोन्ही तळवे माझ्यावर पसरलेले होते.

"गळा तिचाच हाय," ती म्हणाली. "पन ती पोर कुठं गेली गो?"

कमळ आईचा पदर धरून बसून राहिली. ऊन उतरल्यावर बाईजाने हिराबाईला हळूच विचारलं, "ही बाई जेवून जाईल ना? लांबून आली हाय."

पुढे पाच वर्षं कमळ जमेल तशी येत राहिली. बाईजा तिला 'बाई'च म्हणायची, पण आग्रहाने वाढायची आणि जाताना तिचा हात लवकर सोडत नसे. १९६३ मध्ये बाईजा वारली. कमळने तिच्या नावाने विहिरीवर आंघोळ केली आणि ओल्या लुगड्याने कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली, असं राही सांगत होती. त्यानंतर ती शहापूरला आली नाही. वेणूबाईंची बदली झाली, गुरुवारचं भजन मोडलं आणि मी शाळेच्या अडगळीत आले.

मित्रांनो, मला झटकून जरा उन्हात टाकलंत तर मी आणखी काही वर्षं काढीन. त्याची घाई नाही. पण तुमच्या घरात एखादं नाव घ्यायचं बंद झालं असेल, तर ते आज संध्याकाळी जेवताना घ्या. कुणी रागावलं तरी घ्या. अठरा वर्षं थांबू नका.