ओळख विचारणारा पाहुणा

लॅपटॉपची निवड म्हणजे येणाऱ्या सात पिढ्यांच्या नशिबाची निवड, असं आमच्या बेटाचे गावप्रमुख इलाइतिया यांनी शाळेच्या सभेत जाहीर केलं. मग यंगोना या गुंगी आणणाऱ्या पेयाची वाटी पुन्हा फिरली आणि सातही पिढ्यांना तिथेच सोडून ते चटईवर आडवे झाले.

पंचाईत झाली मुख्याध्यापिका वासेमाचाबाईंची. शिक्षण खात्याने नमुन्यादाखल दोन जातींचे लॅपटॉप धाडले होते, एक काळा, एक पांढरा. त्यातला कुठला हवा ते शुक्रवारच्या बोटीने कळवायचं, नाहीतर आमच्या वाटचे लॅपटॉप पलीकडच्या बेटावर जाणार. पलीकडचं बेट आम्हाला रग्बीत दरवर्षी लोळवतं, त्यामुळे गावाची झोप उडाली होती. बाईंना रग्बीचं सोयरसुतक नव्हतं. त्यांची मुलं कागदावर कीबोर्ड काढून त्यावर बोटं आपटत होती, तेवढंच त्यांना दिसत होतं.

आठवडाभर दोन्ही वापरून रीतसर गुण द्यायचे, असं ठरवून बाईंनी ते घरी नेले. इथेच चुकलं. आमच्याकडे नात्यातल्या माणसाने वस्तू मागितली तर नाही म्हणत नाहीत, आणि बेटावर नात्यात नसलेला माणूस शोधावा लागतो. सोमवारी न्याहारीच्या आत दोन्ही लॅपटॉप गेले. काळा भाच्याने नेला, पांढरा आतेभाऊ अपिसालोमेने. बाईंनी हसून दिले आणि आत जाऊन कपाळाला हात लावला.

गुरुवारच्या सभेत बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. तपासणी झालीच नाही, गुणांची पाटी कोरी आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. काळा तर त्याच दुपारी चर्चमध्ये सापडला होता. भाच्याकडून तो मावशीकडे, तिच्याकडून भजनवाल्यांकडे असा गावभर हिंडला होता. पांढरा मात्र सोमवारी संध्याकाळीच परत आला होता, पण एकट्याला गुण कुणाच्या तुलनेत द्यायचे?

"तो का रे लगेच आणून दिलास?" बाईंनी अपिसालोमेला विचारलं.

"घरात आल्यापासून एकच धोशा. तू कोण, तुझं खातं कुठलं. म्हटलं, वासेमाचाचा आतेभाऊ. तरी उघडेना. वर म्हणतो, आधी नेटवर्क आण. तुझ्या हाताखाली शिकलाय वाटतं?"

"माझ्या हाताखाली शिकला असता तर त्याने तुला दारातूनच हाकललं असतं."

नेटवर्क आमच्याकडे फक्त टेकडीवरच्या फणसाखाली येतं, तेही वारा असेल तर. काळ्याने कुणालाच काही विचारलं नव्हतं. ज्याने झाकण उचललं त्याला आत घेतलं. भजनवाल्यांनी त्यावर गाणी लिहिली, बायकांनी चटयांची नक्षी काढली आणि एकाचं काम दुसऱ्याने पुसलं नाही.

बाईंची मान वर आली. शाळेत एकेका लॅपटॉपवर तीन-तीन मुलं बसणार होती. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तपासणी झालीच की."

काळा ठरला. सगळ्यांनी आमच्या रीतीप्रमाणे तळवे ओंजळीसारखे वाकवून टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने प्रमुख उठून बसले, निर्णय समजून घेतला आणि बेटाच्या इतिहासात असा दिवस उगवला नव्हता, असं घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग बाईंकडे झुकून हळूच म्हणाले,

"वासेमाचा, ते लॅपटॉप खोक्यांतूनच येतील ना? एक ठेव गं माझ्यासाठी. कोंबडी अंड्यांवर बसवायचीय."