भोंग्याला उत्तर आलं

खर्रर्र... हॅलो... खर्रर्र.

घाबरू नका, मित्रांनो. मी एक जुना भोंगा आहे आणि बोलण्याआधी घसा साफ करायची मला सवय आहे.

डोंबिवलीजवळ खाडीकाठी आमचं गाव आहे. तिथल्या गावदेवीच्या देवळावर, खाडीकडे तोंड करून मी बसलेला असतो. ठाण्याच्या एका कारखान्यात पत्रा ठोकून मला धोतऱ्याच्या फुलाचा आकार दिला गेला आणि गोविंदा नावाच्या शेतकऱ्याने मला खांद्यावरून गावात आणलं. तेव्हा चहूकडे भातशेती होती.

माझं खरं काम होतं बांधाची हाक. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने मातीचा लांब बांध घातला आहे. खेकडे त्यात बिळं करतात. अमावास्येच्या उधाणाचं पाणी बिळात घुसलं की बांध फुटतो. म्हणून बीळ दिसलं रे दिसलं की गोविंदा माइक धरायचा आणि एकेका घराचं नाव घ्यायचा. ज्या घराचं नाव घेतलं, तिथून एक माणूस निघायचाच. नाव घेतल्यावर घरी बसणं म्हणजे गावात तोंड लपवून फिरणं!

"शाबास रं भोंग्या," काम झालं की गोविंदा म्हणायचा.

फक्त एक गोष्ट मला कधी मिळाली नाही. मी ओरडायचो, पण मला उत्तर कुणी देत नसे. भोंग्याला कोण उत्तर देणार?

पुढे शेतं विकली गेली आणि इमारती आल्या. गोविंदा गेला. हाक बंद झाली. गांधीलमाश्यांनी माझ्या तोंडात घर केलं आणि मी

(वीज गेली होती. कुठे होतो आपण? हां.)

मग ते आलं.

समृद्धी म्हणजे गावातली नवी सून, ठाण्याच्या ऑफिसात नोकरीला. ऑफिसात सगळे मिळून ज्या अ‍ॅपवर काम करतात, तेच तिने गावासाठी आणलं. देवळाच्या पायरीवर, अगदी माझ्याखाली बसून ती देवेशला ते दाखवत होती. हा देवेश गावच्या समितीतला, चेष्टेखोर.

"वैनी, ग्रुप कमी आहेत का आपल्याकडे? सकाळी उठून नुसती गुलाबाची फुलं बघतो मी."

"म्हणूनच तर! इथे बांधाची खोली वेगळी, देवळाची वेगळी, क्रिकेटची वेगळी. गुड मॉर्निंगला खोलीच नाही."

"मग आमच्या आप्पांनी जायचं कुठं?"

गोविंदाची बायको आवडाबाई बाजूलाच तांदूळ निवडत होती. तिने मान लांब करून विचारलं, "यात वरडायचं कुठून गो, बाय?"

"ओरडायचं नाही, काकी. लिहायचं. कोण लिहितंय तेही दिसतं. हे बघा, तीन ठिपके नाचतायत."

खरं सांगतो, मला ते मुळीच आवडलं नाही. ना आवाज, ना खरखर. तीन ठिपके नाचतात आणि म्हणे संवाद! आठवडाभरात सगळं गाव त्यात शिरलं. मी गांधीलमाश्यांची गुणगुण ऐकत बसलो.

सर्वपित्री अमावास्या उजाडली. गच्चीगच्चीवर कावळ्यांसाठी पानं मांडायची तयारी चालली होती. आवडाबाई सकाळीच शेतावर जाऊन आली, ती धापा टाकतच.

गावात पिकतं शेत आता तिचं एकटीचंच उरलं आहे. दसऱ्याला प्रत्येक दाराला नव्या भाताची लोंबी बांधतात, ती तिच्याच शेतातली. लोंब्या नुकत्या भरत होत्या आणि बांधाला हात जाईल एवढं भोक पडलं होतं. दुपारी भरती येणार होती. खारं पाणी एकदा शिरलं की जमीन कित्येक वर्षं भात देत नाही.

समृद्धीने लगेच बांधाच्या खोलीत लिहिलं: 'बांधाला भोक पडलंय. सगळ्यांनी या.' खाली अंगठेच अंगठे उमटले. माणूस मात्र एकच आला. टिकाव घेऊन देवेश.

"बाकीचे कुठे आहेत?" समृद्धी रडकुंडीला आली होती.

"मला वाटलं सगळे आलेच असतील. मी आलो, कारण खाली तुम्ही वेगळं लिहिलंत ना, देवेश, टिकाव आण म्हणून. नाव घेतल्यावर कसं बसणार घरी?"

समृद्धी म्हणाली, "ऑफिसातही तेच होतं! नाव घातल्याशिवाय कुणी हलत नाही." तिने भराभर यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. "ही काय नावं आहेत? किंगभाई, खाडीचा वाघ, स्माइल प्लीज... कोण कुठल्या घरातलं, मला कसं कळणार?"

"मना म्हाईत हाय," आवडाबाई म्हणाली आणि माइक धरायला देवळात शिरली.

देवेशने काठीने माझं तोंड साफ केलं. दोन डंख खाल्ले, चार शिव्या दिल्या. समृद्धीने अ‍ॅपवर बोलण्याची सोय चालू केली, सगळ्यांना जोडून घेतलं आणि फोन माइकपाशी धरला. मी आधी कुईं करून शिट्टी मारली. मग माझ्या घशातून गोविंदाची हाक निघाली, आवडाबाईच्या आवाजात.

"वडाखालचं घर, येवा!

मिठवाल्यांचं घर, येवा!

पायरीवाल्यांचं घर! कोलबीवाल्यांचं घर! येवा रं, पानी यतंय!"

आणि मित्रांनो, माझ्या तोंडातून दुसराच आवाज निघाला.

"मिठवाल्यांचा मयूर बोलतोय, माजिवड्याहून. आलो, काकी! डंपर माझ्याकडेच आहे, माती भरून आणतो."

मी थरारलो. ओरडायचा मी, आणि उत्तरही माझ्याच तोंडून येत होतं! विठ्ठलवाडीच्या दुकानातून गोण्या निघाल्या. टिटवाळ्याला दिलेल्या कृतिकाने विचारलं, "माहेरचं घर माझंही ना गं, काकी? मी बांबू घेऊन निघाले." पूर्वी माझी हाक ऐकून सगळे फावडी आणत आणि घमेलं कुणीच आणत नसे. आता कोण काय आणतंय ते अ‍ॅपवर सगळ्यांना दिसत होतं. गावातली दारं तर केव्हाच उघडली होती.

भरती बांधाशी आली तेव्हा भोकाच्या जागी बांबू, गोण्या आणि डंपरभर माती होती. वर सारं गाव उभं होतं. पाणी चढलं, टेकलं, थांबलं. मग मागे फिरलं! जो ओरडा झाला, तो माझ्यापेक्षा मोठा होता. आवडाबाईने गोविंदाचं पान त्या दिवशी बांधावरच मांडलं.

दसऱ्याला प्रत्येक दाराला लोंबी लागली. एक माझ्याही गळ्यात आली.

"वैनी, तुमच्या फोनला पण बांधा," देवेश म्हणाला. समृद्धीने खरंच बांधली.

आवडाबाईने माझा पत्रा पदराने पुसला. "शाबास रं भोंग्या," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्यांना गंज चढू देऊ नका. नव्याला नाकं मुरडू नका. ते मी करून पाहिलं आहे. आणि हाक मारायची असेल तर 'सगळ्यांनो' म्हणून सुटू नका, नाव घ्या.

तुमचं घर कुठलं? सांगा ना. आता मलाही उत्तर येतं. खर्रर्र...