तिसऱ्या खेपेचं दार

समोरच्या काकू म्हणतात, टीव्हीवरचे हे भेटी घडवणारे कार्यक्रम म्हणजे निव्वळ नाटक. म्हणता म्हणता रुमालाने डोळे टिपतात. आमच्या जिन्यावर या कार्यक्रमांवर विश्वास ठेवणारं माणूस शोधून सापडायचं नाही, आणि ते जिथे लागत नाहीत असं घरही सापडायचं नाही. मी नाकं मुरडणाऱ्यांपैकी. पण बघायचे मीही, इस्त्री करता करता.

माझ्या धाकट्या भावाला वडिलांनी घराबाहेर काढलं, त्याला बरीच वर्षं झाली. कारण आता सांगायलाही लाज वाटावी इतकं क्षुल्लक. दोघेही हट्टाला पेटलेले. आई दारात उभी होती, तोंडावर हात ठेवून. वडील गेले तेव्हाही तो आला नाही. घराचा, आईच्या गुडघ्यांचा, औषधांचा भार माझ्यावर पडला, आणि आई मात्र रोज त्याच्याच वाटेकडे डोळे लावून. मला राग यायचा. अजूनही येतो.

दुरावलेल्या माणसांची भेट घडवून आणणारा एक कार्यक्रम आहे. काकूंनी मला न विचारता तिथे आमचं नाव कळवलं. त्या लोकांनी भावाला शोधून काढलं, समजावलं, आणि एके दिवशी आमच्या दोन खोल्यांत दिवे, तारा, कॅमेरे घेऊन माणसं घुसली. आईचं कपाट बाल्कनीत गेलं.

बेल वाजली. आईने दार उघडलं. तो उभा होता, वाळलेला, कानशिलांवर केस पांढरे झालेले. आईने त्याच्याकडे बघितलं, म्हणाली, "जेवलास का?" आणि तडक वळून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला. तो तिथेच, पायपुसण्यावर, लहान मुलासारखा रडायला लागला.

दिग्दर्शक म्हणवणारा दाढीवाला मुलगा हळहळला. सगळं फुकट गेलं, आई कॅमेऱ्यातच नाहीत. त्याने आईला गोड बोलून शिकवलं. आत जायचं नाही, दारातच थांबायचं, तोंडावर हात, थोडं थांबायचं आणि मग मिठी. भावाला परत खाली पाठवलं. दुसऱ्या खेपेला आईचा पाय सवयीने आत वळलाच. तिसऱ्या खेपेला सगळं मनासारखं झालं. तेव्हा भावाच्या डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं, म्हणून थेंब घातले. टीव्हीवर दाखवलं ते तेच, मागे व्हायोलिन लावून.

दिवे उतरले तसा तोही निघाला. जिन्यात मी त्याला अडवलं. तो म्हणाला, "ताई, पहिल्या खेपेला मी खरंच आलो होतो." एवढंच बोलला आणि त्यांच्या गाडीत बसून गेला.

आईने त्याचा वेगळाच अर्थ लावला. आपल्याला पहिल्यांदा नीट जमलं नाही, दोनदा चुकलो, म्हणून पोरगा चिडून गेला. मी शंभरदा समजावलं, चिडले, फोन लपवला. तरी रोज दुपारी ती मोबाइलवर कार्यक्रमातला तेवढा तुकडा लावायची. दूधवाला आला तरी दार उघडून आधी जराशी थांबायची. मी तिची टिंगल केली. काकूंबरोबर हसलेही.

मग एका रविवारी बेल वाजली. मी गादीला खोळ घालत होते. आई व्हिडिओ तसाच चालू ठेवून उठली. उघड्या दारात भाऊ. खांद्याला मोठी बॅग, मागेपुढे कोणी नाही. आईचा पाय स्वयंपाकघराकडे वळला, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि मग तिने तो मागे घेतला. दारातच थांबली. तोंडावर हात ठेवला.

त्याचा चेहरा उतरला. त्याने वळून जिन्याकडे पाहिलं, मग वर छताच्या कोपऱ्यांत. आतून व्हायोलिन ऐकू येत होतं.

"आज पण बोलावलंय का त्यांना?" त्याने विचारलं.

आईने हात जरासा बाजूला केला. हळूच म्हणाली, "आता बरोबर झालं ना रे?"

मी आतून ओरडले की घरात कोणी नाही, आत येऊन बघ. तोवर तो वळला होता. मी अनवाणी खालपर्यंत धावले, रस्त्यापर्यंत. रिक्षा निघून गेली होती.

वर आले तर आई तिथेच उभी होती, अगदी शांत. डोळ्यांत कितीतरी दिवसांनी उजेड होता.

"दार लाव," ती म्हणाली. "तो खाली गेलाय ना, आता परत वर येईल."

मी दार लावलं. आई कडीवर हात ठेवून उभी राहिली.