एकोणिसावी चिंधी

पायलला नंबर टाकल्याशिवाय चैन पडत नसे. उल्हासनगरात कॅम्प तीनच्या जीन्स कारखान्यात सहा वर्षं तिचं कामच ते. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर नंबर. एक चुकला की एका पँटचा पाय दुसरीला लागतो आणि शेठ आकाशपाताळ एक करतो. म्हणून बदलापूरमागच्या डोंगरावर एकटीनं रात्र काढायचं ठरलं, तेव्हा सॅकमध्ये तंबू, पाणी, टॉर्च आणि निळ्या जीन्सच्या चाळीस चिंध्या गेल्या. चाळीसही नंबर टाकलेल्या. परतीची वाट चुकायला नको.

घरी भावाला, राजरत्नला, मैत्रिणीकडे मुक्कामाला जाते अशी थाप मारली होती. खरं सांगितलं असतं तर त्यानं उंबरठा ओलांडू दिला नसता.

दिवाळी उलटून पंधरवडा झाला होता. गवत कमरेला लागत होतं आणि वाट म्हणजे गुरांनी नि पावसानं मिळून घातलेला घोळ. फाटा आला की पायल चिंधी बांधी. अठरा झाल्या, तेव्हा डावीकडे करवंदीच्या जाळीला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जुन्या लुगड्याची लाल चिंधी दिसली. कुणा ट्रेकरची खूण, असं समजून ती तिकडे वळली. दुसऱ्याच पावलाला खडे निसटले आणि बऱ्याच वेळानं खाली वाजले. गवताआड सरळ कडा होता.

ती मागे सरकून मटकन बसली. मग राग आला. कुठल्या शहाण्यानं कड्यावर खूण बांधली? चुकीचा नंबर दिसला की उपटायचा, ही कारखान्याची सवय. तिनं लाल चिंधी सोडून खिशात घातली आणि खऱ्या वाटेवरच्या झुडपाला, तेवढ्याच उंचीवर, आपली एकोणिसावी बांधली. कुणाचा तरी जीव वाचवला म्हणून स्वतःवर खूशही झाली.

वर खिंडीत पोचून तिनं तंबू ठोकला. अंधार पडला, खाली कारखान्यांचे दिवे लुकलुकले. फोनला रेंज नव्हती. टॉर्च लावून ती पोळी खात होती, तेवढ्यात हाक आली.

"बाय... ए बाय..."

बाईचा आवाज. खालून, झाडीतून. घास तोंडातच राहिला.

द्रौपदीआजी सांगायची, रानात रात्री हाक आली तर ओ देऊ नये. माणूस असेल तर तीनदा हाक मारील, 'ते' असेल तर दोनदाच. राजरत्न या गोष्टींना हसायचा. आपल्या घरात भुताला जागा नाही, म्हणायचा. पायलही हसायची, पण घरात, ट्यूबलाइटखाली. आता तिनं टॉर्च विझवला आणि मोजू लागली.

दोन. तीन. चौथी आली.

म्हणजे माणूस. आणि मग तिला खरी धडकी भरली. भूत निदान तंबूची चेन उघडत नाही. बाईला रडायला लावून पोरींना बाहेर काढणाऱ्या टोळ्या असतात, असे मेसेज तिनं ढिगानं वाचले होते. बाईच्या मागे अंधारात चार पुरुष उभे आहेत, हे तिला जणू दिसतच होतं. ओ दिली तर संपलं. दोरा कापायची छोटी कातर मुठीत धरून, गुडघे पोटाशी घेऊन ती बसून राहिली. मनातल्या मनात 'बुद्धं सरणं गच्छामि' चालू होतं आणि त्याच्या मध्येमध्ये आकडे. अकरा. बारा. आवाज जवळ येत नव्हता, लांबही जात नव्हता. पंचविसाव्या हाकेनंतर तो बारीक झाला. पहाटेच्या आधी थांबला, तेव्हा तिला बरं वाटलं.

उजाडल्यावर ती उतरू लागली. एकोणिसाव्या चिंधीपाशी चार गडी उभे होते. घोंगडीच्या झोळीत एक म्हातारी, तोंड पांढरंफटक, पाय काठीला बांधलेला. बाजूला गवताचा भारा विस्कटून पडला होता.

"विठाकाकी," त्यांच्यातला जनू म्हणाला. "रातभर खालच्या टप्प्यावर पडून व्हती. आमाला वाटलं, माळावरच्या खोपीतच झोपली. सकाळी गुरं सोडाया आलो तवा कण्हताना ऐकली."

त्यानं निळी चिंधी बोटानं उचलून पाहिली.

"कड्याची चिंधी गेली कुठं? अन् ही वाटंवर कोनी बांधली? भारा डोक्यावर असला का गुडघ्याच्या वरचं काय दिसत नाय. चिंधी दिसली का तिच्यापासून लांब सरायचं. आमच्या आज्यापासून हेच."

पायलच्या खिशात लाल चिंधी होती. तिचा हात तिथंच अडकला. दिवेलागणीला, रंगही कळत नसताना, डोक्यावर भारा घेऊन म्हातारी माळावरून उतरली, वाटेवर चिंधी दिसली, ती दुसऱ्या बाजूला सरकली. कड्याच्या त्या बाजूला आता काही बांधलेलंच नव्हतं.

विठाकाकीनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"वर बत्ती दिसली तुझी," ती म्हणाली. "हाका मारल्या. मंग बत्ती गेली. झोपली असशील, बाय. दमली व्हतीस."

बाकीचे तिघे गडी मान हलवत होते. पोर दमलेली, झोपलेली. एवढं 'हो' म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती.

पायलनं लाल चिंधी काढून जनूच्या हातात दिली.

"झोपले नव्हते, काकी," ती म्हणाली. "तुम्ही सदतीस हाका मारल्या."