पायपेटीच्या पोटातला झेंडा

मित्रांनो, मी अमेरिकेचा एक जुना झेंडा आहे. ज्याने वाऱ्यावर जगायचं, त्याला इथे संग्रहालयात काचेखाली उताणं निजवलं आहे. माझ्या अंगावर चौतीस तारे आहेत, लाल-पांढरे तेरा पट्टे आहेत आणि खालचा एक कोपरा नाही. त्या कोपऱ्यापाशी पाटी लावली आहे : 'उंदरांनी कुरतडलेला भाग'. ती पाटी रोज डोळ्यांसमोर असते आणि रोज माझा जीव चरफडतो. उंदीर माझ्या वाटेला कधी गेलाच नाही!

आमचं घराणं मोठं आहे. एका पूर्वजाच्या अंगावर वेटोळं घातलेला साप होता. 'माझ्यावर पाय देऊ नका' असं तो बजावायचा. पुढे इंग्रजांशी भांडणाऱ्या तेरा वसाहतींचे तेरा पट्टे आणि तेरा तारे आले. नवं राज्य आलं की तारा वाढायचा. मध्यंतरी पट्टेही पंधरा झाले होते, पण असंच चाललं तर झेंड्याचं जाजम होईल हे शहाण्यांच्या ध्यानात आलं आणि पट्टे पुन्हा तेरावर आले. तारे कसे मांडायचे हे मात्र त्या काळी शिवणाऱ्या बाईच्या मर्जीवर असे.

मला शिवलं केझाया हॉब्ज हिने, टेनेसीच्या पूर्वेकडच्या डोंगरात, १८६१ च्या वसंतात. गुलामगिरी सोडवत नव्हती म्हणून दक्षिणेतली राज्यं तेव्हा एकेक करून देशातून फुटत होती. केझायाने माझे तारे गोल रिंगणात मांडले. फुटलेल्या राज्यांचेसुद्धा मांडले. शेजारीण मर्सी म्हणाली, "गेले त्यांचे कशाला शिवतेस गं? सूत जास्त झालंय का?"

केझायाने दोरा दातांनी तोडला. "रागावून ताटावरून उठलेल्या पोराचं ताट आई झाकून ठेवते, मर्सी. उकिरड्यावर नाही टाकत."

चौरस्त्यावर उंच खांब उभारून लोकांनी मला चढवलं. टोप्या उडाल्या, म्हातारी माणसं रडली. ते थोडेसे आठवडे, एवढंच काय ते माझं तारुण्य! जूनमध्ये टेनेसीच फुटलं. फुटलेल्या दक्षिणेचे, करड्या गणवेशातले शिपाई आले. केझायाचा नवरा आसा डोंगर ओलांडून उत्तरेच्या सैन्यात गेला. मागे राहिली ती आणि तिचा सासरा ओबडाया. देश एकसंध राहावा म्हणणाऱ्या आसपासच्या किती तरी माणसांना बेड्या पडल्या होत्या, काही फासावरही गेली होती. मी सापडलो असतो तर शिपायांनी घरातल्या पुरुषाला उचललं असतं, आणि घरात पुरुष एकच होता.

केझायाने माझ्या घड्या घातल्या आणि मला पायाने भाता मारून वाजवायच्या पायपेटीच्या पोटात, सुरांच्या पट्ट्यांखाली कोंबलं. वरून झाकण ठोकलं.

या पायपेटीवरून त्या घरात जुनं वाकडं होतं. ओबडाया म्हणजे खोऱ्यातला गाण्याचा मास्तर. त्रिकोणी, गोल, चौकोनी खुणांनी सूर लिहिलेल्या पुस्तकावरून त्याने सगळ्या डोंगराला गायला शिकवलं होतं, कुठल्याही वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यावर. सून लग्नात पायपेटी घेऊन आली आणि म्हातारा बिथरला. "या डब्याने माणसांचे गळे आळशी होतील," असं म्हणून त्याने घरात गाणं बंद केलं ते केलंच. वर्षं लोटली. सून संध्याकाळी वाजवायला बसली की हा उठून गोठ्यात जायचा.

आता त्या डब्यात मी होतो. काळोख होता, कुबट वास होता आणि श्वास घ्यायला जागा नव्हती. माझा खालचा कोपरा सूर उमटवणाऱ्या एका पितळी जिभेखाली चिमटला होता. केझाया वाजवायची तेव्हा भात्याचा वारा माझ्या घड्यांमधून जायचा आणि मला चौरस्ता आठवायचा. पण तो कोपरा होता तिथला सूर मुका झाला होता. त्या चुकीकडे घाबरलेल्या केझायाचं लक्ष गेलं नव्हतं.

एके दिवशी कॅप्टन आला, सोबत शिपाई. पिठाचं पिंप उपडं झालं, गाद्या फाटल्या. काही मिळेना. कॅप्टन दमला आणि नेमका पायपेटीवर येऊन बसला. घरच्या आठवणीने असेल, त्याने एक प्रार्थना वाजवायला घेतली. तिसऱ्याच ओळीत बोट त्या पट्टीवर पडलं. सूर उमटला नाही. त्याने पुन्हा दाबून पाहिलं.

"आत काहीतरी अडकलंय. चाकू आण रे, झाकण काढू."

भाता अजून फुगलेला होता आणि वारा माझ्या अंगातून सुटत होता. मला फडफडायचं होतं. जन्माला आल्यापासून मला तेवढंच तर येतं! पण मी फडफडलो असतो तर म्हातारा फासावर गेला असता. मी अंग आवळून पडून राहिलो.

तेवढ्यात ओबडाया गरजला, "हात लावू नका! ज्याला सूर कळत नाही त्याने डबा उघडून काय बघायचंय?"

"काय म्हणालात, म्हातारबुवा?"

"तो डबा मुकाच आहे. सुनेची हौस! अहो कॅप्टन, सूर लाकडातून नाही येत, इथून येतो." त्याने छातीवर थाप मारली आणि तो हरवलेला सूर लावला. भरघोस, सरळ, खिडकीची तावदानं थरथरली. मग तो दाराकडे वळला. "आणि तुम्ही रे? भिंतीला टेकून काय उभे? आयांनी काही शिकवलं की नाही? बंदुका कोपऱ्यात ठेवा. जाडे आवाज इकडे, बारीक तिकडे, चौकोन करा. आधी नुसते सूर, मग शब्द! सूनबाई, वाजव!"

शिपाई याच डोंगरांतले. त्यांचे पाय आपोआप चौकोनात गेले. एक दाढीवाला हळूच म्हणाला, "कॅप्टनसाहेब, उभे राहा. हे आमच्या बापालाही असंच झापायचे."

कॅप्टन उठला. केझाया वाजवायला बसली. तो सूर आला की पट्टी मुकी राहायची आणि म्हातारा तिथे आपला आवाज घालायचा. हाताने ताल देत त्याने सगळी प्रार्थना गाऊन घेतली. कॅप्टनला चाकूचा विसर पडला. मक्याची भाकरी आणि ताक घेऊन मंडळी गेली.

मग ओबडाया जमिनीवर बसला. त्याचा सदरा घामाने चिंब झाला होता. "सूनबाई," तो म्हणाला, "डबा तसा बरा आहे तुझा." केझाया हसताहसता रडायला लागली.

खालच्या पुलावर चौकी बसली, त्यामुळे मला बाहेर काढायची सोय राहिली नाही. दोन वर्षं मी त्या पोटात कुजत होतो. पण रोज संध्याकाळी ती वाजवायची आणि म्हातारा गोठ्यात न जाता शेजारी बसून तो एक सूर लावायचा. त्या सुराच्या आशेवर मी दिवस काढले. दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला आणि तो गेला. त्यानंतर केझाया वाजवायची तेव्हा ती जागा रिकामी जायची. काळोखापेक्षा ती रिकामी जागा मला जास्त जाचली.

पुढे उत्तरेचं सैन्य आलं. केझायाने झाकण उचकटलं, मला ओढलं, आणि कोपरा जिभेखालीच फाटून राहिला. मर्सी चिमटा घेऊन पुढे झाली.

"राहू दे," केझाया म्हणाली. "बाबांची जागा आहे ती."

ओबडायाच्या थडग्यापाशी तिने मला काठीवर चढवलं. मी दिवसभर फडफडलो. नंतर आसा परतला, टेनेसीही देशात परतलं. त्याचा तारा जागेवरच होता.

आता मी इथे आहे. कौतुक होतं, काच पुसली जाते. वारा लागला तर माझ्या चिंध्या होतील हे मलाही कळतं, म्हणून मी वारा मागत नाही. पण समोर दोरीपलीकडे तीच पायपेटी उभी आहे. तिच्यात माझा कोपरा आहे. ती कुणी वाजवत नाही, आणि भिंतीवर लिहिलं आहे, 'शांतता राखा'. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण नुसत्या कुलपात ठेवून त्या जपल्या जात नाहीत. कधी इकडे आलात तर ती उंदरांची पाटी वाचू नका. पेटीसमोर उभे राहा, छातीवर हात ठेवा आणि मोकळ्या गळ्याने एक सूर लावा. चुकला तरी चालेल, म्हातारा झापायला आता नाही. मी काचेखाली अंग आवळून ऐकत असेन.