सात खापरं

गोपाळकृष्ण मेहेंदळ्यांनी अकरा वर्षं नदी वेचली होती, आणि इतकी नीट वेचली होती की ऐन गरजेच्या वेळी तिच्यात काहीच उरलं नव्हतं.

संगमाच्या खाली, मुळा-मुठेच्या पात्रात उन्हाळ्यात एक वाळूचं बेट उघडं पडतं. त्याला नाव नाही. पुलावरून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावून दुसरीकडे बघतो, त्यामुळे नाव ठेवायची वेळच कुणावर आलेली नाही. जलपर्णी, निर्माल्याच्या पिशव्या, काच फुटलेल्या तसबिरी असं सगळं तिथे येऊन लागतं. पण बेटाच्या वरच्या टोकाला पुरुषभर उंच मातीची दरड आहे, आणि त्या दरडीत खापरं सापडायची. काळ्या झिलईची, तांबडी, कुंभाराच्या बोटांचे ठसे राहिलेली, दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी घरातली.

ड्राफ्ट्समनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मेहेंदळ्यांना ही दरड सापडली. दर पावसाळ्यात खडकवासल्याचं पाणी सुटलं की तिचा एखादा तुकडा ढासळून वाहून जायचा. ते त्यांच्या जिवाला लागायचं. म्हणून उन्हाळाभर ते स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचे आणि दिसेल ते खापर उपटून घरी न्यायचे. घरी टूथब्रशनं घासायचं, उन्हात वाळवायचं आणि बुटांच्या खोक्यात ठेवायचं. अशी त्रेचाळीस खोकी गॅलरीत होती. "लोकांच्या गॅलरीत झोपाळा असतो," त्यांच्या पत्नी हेमाबाई पाहुण्यांना सांगायच्या. "आमच्याकडे उकिरडा आहे. पण पुरातन."

यंदा मे महिन्यात काठावर फलक लागला. पात्र सरळ करण्यासाठी बेट काढणार होते. गुरुवारी यंत्रं येणार होती.

मेहेंदळ्यांनी अर्जांचा सपाटा लावला. सगळे अर्ज कुठे गेले देव जाणे, पण एक कुणाच्या तरी टेबलावर पोहोचला आणि सोमवारी सकाळी शेफाली नावाची एक तरुण पुरातत्त्व अधिकारी घरी आली. तिनं तासभर खोकी बघितली. हेमाबाईंनी दिलेला चहा गार झाला तरी तिचं लक्ष गेलं नाही. मेहेंदळ्यांना वाटलं, जिंकलो.

"काका, कलेक्शन खरंच सुंदर आहे," ती म्हणाली. "पण यावर मी काम नाही थांबवू शकत."

"का?"

"खोक्यातलं खापर कुठूनही आलेलं असू शकतं. मला ते मातीत बसलेलं दिसायला हवं, त्याच्या थरात. तुम्ही काढलीत तेव्हा एखादा फोटो, मोजमाप, काही?"

आयुष्यभर मिलिमीटरमध्ये नकाशे काढलेल्या माणसानं एकाही खापराची जागा मांडून ठेवली नव्हती. वाचवायच्या घाईत ते सुचलंच नाही. "नाही," ते म्हणाले.

"बुधवारी नऊला साइटवर येते. एक जरी जागेवर दाखवलंत तरी मी त्याच दिवशी काम थांबवायची शिफारस पाठवते. प्रॉमिस."

एक. त्रेचाळीस खोकी भरलेल्या माणसाला एक खापर म्हणजे काय मोठंसं? मेहेंदळे दुपारीच बेटावर गेले. सरुबाई तिथे होतीच. ही बाई तीस वर्षं वाळू घमेल्यात धुऊन, लोकांनी नदीत सोडलेली नाणी आणि पितळेचे देव शोधून पोट भरत होती. वाळूत नजर कशी फिरवायची हे तिनंच मेहेंदळ्यांना शिकवलं होतं.

दोघांनी सोमवार घालवला, मंगळवार घालवला. दरड वरून खाली बघितली, वाळू चाळली, गुडघाभर काळ्या पाण्यात हात घालून तळ चाचपला. बाटल्यांची बुचं निघाली, कौलाचे तुकडे निघाले, एका बाहुलीचा पाय निघाला. दरडीला जिकडेतिकडे छोटी छोटी भोकं होती. प्रत्येक भोक मेहेंदळ्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्याच स्क्रूड्रायव्हरनं पाडलेलं.

मंगळवारी चारच्या उन्हात ते मटकन वाळूत बसले. आपणच हे पुसून टाकलं, हा एकच विचार डोक्यात घण घालत होता.

"मास्तर," सरुबाई म्हणाली. ते कधीच मास्तर नव्हते, पण चष्म्यामुळे तिनं ते ठरवून टाकलं होतं. "घरी ढीगभर हायती न्हवं? चार आणा आन् बसवा परत. हितलीच हायती. कुठं चोरीची हायती?"

"वेड लागलंय का तुम्हाला? शास्त्र आहे ते."

"ऱ्हायलं," ती घमेलं उचलत म्हणाली. "परवा मशीन आलं की शास्त्रच काढून नेतील."

मेहेंदळे चिडून घरी आले. संध्याकाळी जेवले नाहीत. मग गॅलरीत गेले आणि पहिल्या वर्षाच्या खोक्यातून सात खापरं निवडली. ही इथलीच, याच दरडीतली, मी फक्त घरी परत पोहोचवतोय, असं ते मनाशी म्हणत राहिले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की किती कारणं देतो.

बुधवारी उजाडता उजाडता त्यांनी दरडीच्या सावलीतल्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर, एकाच रेषेत सात खापरं खोचली. वरून ओली माती लिंपली. सरुबाई पलीकडे वाळू धूत होती. तिनं पाहिलं आणि मान फिरवली.

शेफाली नऊला पाच कमी असताना आली. पहिली कड दिसताच ती चिखलात गुडघ्यांवर बसली. "काका, अहो, हा थरच आहे!" तिनं मोजपट्टी लावली, फोटो काढले, ब्रशनं माती झटकली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मेहेंदळ्यांना तिच्याकडे बघवेना. दुसरं खापर निघालं. तिसरं तिनं हातात घेतलं, उलटं केलं, फुटलेल्या कडेवरून नख फिरवलं, आणि ती थांबली.

"ही कड स्वच्छ आहे," ती म्हणाली. "आतल्या भेगेतसुद्धा माती नाही. घासलेली आहे." ती वळली नाही. "कधी ठेवलीत?"

"आज सकाळी." मेहेंदळे म्हणाले. "सात आहेत. सगळी इथलीच आहेत, मॅडम, शपथेवर सांगतो."

तिनं उरलेली एकेक काढून वाळूवर मांडली. चार, पाच, सहा, सात. सातव्याच्या मागची ओली माती ढेपाळून पडली, आणि आत, वीतभर खोल, आणखी एक काठ दिसला.

तिनं ब्रश फिरवला. काळ्या झिलईचा वाडग्याचा काठ होता. माती त्याला दगडासारखी चिकटली होती आणि एक केसाएवढं मूळ त्याच्या भेगेतून आरपार जाऊन पलीकडच्या मातीत शिरलं होतं.

"सात म्हणालात ना?"

"सातच." मेहेंदळे पुढे सरसावले. "हे माझं नाही. हे मी कधी बघितलेलंच नाही. मॅडम, हे नदीचं आहे. हेच तर हवं होतं तुम्हाला."

"म्या बघितलंय," सरुबाई पाण्यातूनच म्हणाली. "सातच खोचली त्यांनी. माझं नाव घाला कागदात."

शेफालीनं त्या मुळाला ब्रशचं टोक लावून पाहिलं. मग तिनं मोजपट्टी गुंडाळली. "माझा तुमच्यावर विश्वास आहे, काका. खरंच आहे. पण हे मी कसं लिहू? शेजारी सात ठेवलेली आणि आठवं खरं? हे लपवून लिहिलं तर मीही तुमच्यासारखंच केलं. आणि खरं लिहिलं तर या साइटचं एकही खापर कुणी मानणार नाही. तुमच्या खोक्यांतलीसुद्धा."

"एक दिवस द्या. इथेच मागे खणा. आणखी असतील."

"असतील," ती म्हणाली. "नक्की असतील. पण खणायला परवानगी लागते, आणि ती आता मी कशावर मागू?"

ती चिखलाचे गुडघे घेऊन पुलाच्या दिशेनं निघून गेली. तिचे डोळे भरले होते, ते मेहेंदळ्यांनी पाहिलं, आणि ते त्यांना जास्त लागलं.

दरडीतला काठ तसाच होता. उद्या सकाळी यंत्राचं तोंड पहिल्यांदा इथेच लागणार होतं. मेहेंदळ्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. अकरा वर्षांची सवय होती, हात आपसूक त्या काठापाशी गेला. तिथे तो कितीतरी वेळ तसाच राहिला.

"काढा की," सरुबाई म्हणाली. "न्हाईतर उद्या भुगा होईल त्याचा."

"काढलं की ते फक्त खापर होईल," मेहेंदळे म्हणाले, आणि भर सकाळी, नाक धरून जाणाऱ्या लोकांच्या देखत, दरडीला कपाळ टेकून ढसाढसा रडले.